फाल्गुनातलं हे कसलं आभाळ!

बर्फ मनालीत पडो, शिमल्यात पडो, आमची काही हरकत नाही. पण त्यापायी इंदूरच्या गच्चीवरच्या कुरडया का नासाव्यात?

हिवाळ्यातला मावठ्याचा पाऊस एक वेळ चालतो. पौष-माघात येतो, गव्हाला फुकटचं पाणी देऊन जातो. फाल्गुनात मात्र पीक कापणीला आलेलं असतं. पाऊस आला की गहू आडवा, दाण्याची चमक गेली, मंडीत भाव पडला. आणि घरोघरी वाळवणाचा घाट नेमका तेव्हाच!

कुरडई म्हणजे मनात आलं आणि घातली, असं काम नाही. दोन किलो लोकवन गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी वाटा, पिळा, गाळा, चीक रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळ ओतून टाका, चिकाइतक्याच पाण्यात हिंग-मीठ घालून उकळी आणा, गुठळी होऊ न देता चीक घाटा, दणदणीत वाफ काढा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडा. गार झाला की सोऱ्या हलत नाही. थोडक्यात, सोमवारी गहू भिजवायचा तर शुक्रवारच्या उन्हाची खात्री हवी. मोबाईल सोमवारी लखलखीत सूर्य दाखवतो आणि गुरुवारी संध्याकाळी त्याला पश्चिमी विक्षोभ आठवतो! ही भूमध्य समुद्राकडून आलेली वादळी हवेची भानगड हिमालयात बर्फ टाकते, तेवढ्यावर भागत नाही. अरबी समुद्राची दमट हवा ओढून माळव्यावरही आभाळ आणते. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, सगळे भिजलेलेच असतात, तेव्हा पड ना! तेव्हा कडकडीत ऊन.

चीक फ्रिजमध्ये फार तर एक दिवस निघतो. पुढे आंबतो. "अर्धवट वाळलेल्या कुरडया पंख्याखाली घाला" म्हणे! वरून कोरड्या दिसतात, आतून ओल्याच. दोन दिवसांत आंबूस वास आणि काळे ठिपके. वाचल्याच, तर तळताना कडा फुलतात आणि मधे दाताला खडा. प्लॅस्टिकने झाकलं तर आतल्या वाफेचं पाणी परत त्यांच्यावरच गळतं.

"मग एप्रिलमध्ये करा" म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारी गच्चीवर यावं. ऊन खणखणीत, कबूल. पण आंधी सुटली की ओल्या कुरडईच्या शेवेशेवेत माती, आणि ती धुणार कशी? उडदाचे पापड निदान सावलीत निभावतात. हिला सलग दोन दिवस ऊन लागतं. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या घालाव्यात म्हटलं, तर त्यांनाही ऊनच लागतं!