झाड लावता का गाडता?

आज गावात वृक्षारोपण झालं. फोटो दिसलेच असतील, एका रोपाला दहा हात. डोकं तापलेलं आहे, जरा सांभाळून घ्या.

रोप कडूनिंबाचं, चांगलं कमरेएवढं. खड्डा सब्बलीनं केलेला, खोल अन् अरुंद. पिशवी फक्त खालून चिरली, काढली नाहीच. मग माती ढकलली ती खोडावर वीतभर चढेपर्यंत. म्हटलं, "भाऊ, बुड बुजून राह्यलं." तर म्हणे, "खोल लावलं तं मजबूत रायते. तुम्ही कायले टेन्शन घेता?"

मजबूत! स्टँडवरचा करंज गेल्या उन्हाळ्यात वादळात आडवा झाला, तेव्हा सगळे फांद्या न्यायला धावले. मुळं कोणी पाहिली? पिशवीचा आकार जसाच्या तसा. मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली, एकानं तर खोडालाच फास घातलेला. बाहेर पसरलेलं जाड मूळ एकही नाही. झाड उभं होतं ते वारा आला नव्हता म्हणून.

बरं, मोठ्या वादळात नीट लावलेलं झाडही पडतं, मान्य. पण तो करंज वादळानं नाही, आपणच पाडला.

मुळांना हवा लागते हो. बुंधा जिथं पसरट होतो, तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला की साल ओलीच राहते अन् कुजते. खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट हवा. त्यात भर म्हणजे आपली माती काळी, चिकट. सब्बलीनं खड्ड्याच्या भिंती चोपून गुळगुळीत झाल्या की मूळ तिथं येऊन वळतं. पुन्हा करंजच.

२०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. आकडा सगळ्यांना पाठ. पिशवी काढायची, हे कोणाच्या भाषणात आलं?

पोरांवर राग नाही. उन्हात खड्डे त्यांनीच खोदले, पाणीही तेच घालतील. आपल्याकडे पाण्यासाठी आळं लागतं, तेही खरं. पण आळं खोडापासून लांब करा ना, खोड कायले गाडता? पिशवी पूर्ण काढा, वळलेली मुळं सोडवा, नाही सुटली तर कापा. काठीला सैल बांधा. खोड वाऱ्यानं थोडं हललं तरच जाड होतं.

आणि दोन-चार वर्षांमागं लावलेल्या झाडांच्या ट्री गार्डची तार बघून या. खोडात रुतत असेल तर पक्कड घेऊन तोडा, ग्रामपंचायतीला विचारत बसू नका.