माळ, मेंढ्या आणि झाडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सासवड, सुपे, बारामती या भागांतल्या माळरानांची आफ्रिकेतल्या सव्हानाशी, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानाशी, तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: माळरान हे मुळात जंगलच होते आणि कुऱ्हाडीने व धनगरांच्या मेंढ्यांनी ते गेल्या दोन-तीनशे वर्षांत संपवले, टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्याशी त्याची तुलना करणे म्हणजे ओढूनताणून आणलेला मोठेपणा आहे, आणि तापमान वाढत असताना माळावर झाडे लावू नका असे सांगणे बेजबाबदारपणाचे आहे. आपण स्वतः दर जुलैत टेकडीवर रोपे लावता, त्यामुळे माझा लेख आपल्याला लागला असणार, हे मी समजू शकतो. मात्र पहिला आक्षेप मला मान्य नाही, आणि उरलेले दोन्ही त्याच्याच आधारावर उभे असल्यामुळे या उत्तराचा मोठा भाग त्यालाच द्यावा लागणार आहे.

सुरुवात पावसापासून करू. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सुमारे सातशे आणि बारामतीत जेमतेम पाचशे. लोणावळा ते बारामती हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही भरत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या पट्ट्यात पाऊस कमी पडतो एवढेच नाही, तो चार महिन्यांत उरकतो आणि त्यानंतर आठ महिने जमीन कोरडी राहते. उष्ण कटिबंधातल्या सव्हानाचे मुख्य लक्षण हेच आहे: वर्षभर ऊब, एक ओला हंगाम आणि लांबलेला कोरडा हंगाम. आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणांची माहिती एकत्र करून महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखवले, की साधारण साडेसहाशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेल्या भागात झाडांची छत्री एकसंध होऊच शकत नाही, कारण तेवढे पाणीच नसते. त्याहून अधिक पावसाच्या भागात झाडे दाटू शकतात, पण वणवे आणि चरणारी जनावरे त्यांना रोखून धरतात. आफ्रिकेतला आकडा दख्खनला जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी बारामती आणि इंदापूर त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात, हे सांगण्याची गरज नसावी.

आता इतिहास. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. त्यांतल्या काहींचे मणी केलेले होते आणि एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग हा मोकळ्या मैदानावर धावणारा पक्षी आहे. दाट अरण्यात तो राहत नाही. तेव्हाचे हवामान आजच्याहून कोरडे होते, असा मुद्दा यावर काढता येईल आणि तो रास्तही आहे. म्हणून अलीकडचा दाखला घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकरी राहत होते, आणि त्यांच्या वस्तीत गुराढोरांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडेही मिळाली आहेत. काळवीट हा उघड्या गवताळ रानाचा प्राणी आहे. म्हणजे शिरूरच्या आसपास गवताळ माळ निदान तीन हजार वर्षांपूर्वी होता, आणि त्याचा ठपका पेशवाईतल्या कुऱ्हाडींवर किंवा इंग्रजांच्या रेल्वेवर ठेवता येत नाही.

जुने मराठी वाङ्मयही याला दुजोरा देते. पश्चिम महाराष्ट्रातल्या तेराव्या ते विसाव्या शतकांतल्या कथा, ओव्या आणि देवस्थानांच्या आख्यायिका तपासून त्यांतल्या रानटी वनस्पतींची नोंद करणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आलेल्या वनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक सव्हानातल्या आहेत. हिवर, बाभूळ, तरवड ही नावे त्यांत येतात, आणि ती आजही सुप्याच्या माळावर उभी आहेत. एरवी आपण दैवतकथांकडे पुरावा म्हणून पाहत नाही. पण ज्याने ओवी रचली त्याला झाडाचे नाव खोटे सांगण्याचे काही कारण नव्हते.

आपल्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती इथेच नोंदवतो. मुळशी, वेल्हे, भोर या घाटाकडच्या तालुक्यांत मोठे जंगल होते आणि तिथे कोळशासाठी, लाकडासाठी प्रचंड तोड झाली. त्या उतारांवर आज दिसणारे गवत हे बऱ्याच ठिकाणी तोडलेल्या जंगलाच्या जागी आलेले आहे. तिथे झाडे परत यावीत, असे मलाही वाटते. परंतु घाटमाथ्याचा इतिहास पूर्वेकडच्या तालुक्यांना लावला की सगळा हिशेब चुकतो. आपल्या सरकारी नकाशांतही माळरानाची गणना वर्षानुवर्षे पडीक जमिनीतच होत आली आहे.

माळाचे गवत मोडलेल्या जंगलाच्या जागी आपोआप उगवलेले तण असते, तर त्याच्या अंगी इतक्या सोयी दिसल्या नसत्या. कुसळी या गवताचे बी जवळून पाहावे. त्याचे टोक सुईसारखे असते, त्यावर मागे वळलेले राठ केस असतात आणि दुसऱ्या बाजूला लांब, पिळदार कुसळ. दव किंवा पाऊस पडला की हा पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा आवळतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते. आत शिरल्यावर ते केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. उन्हाळ्यात वणवा वरून निघून जातो तेव्हा बी मातीत सुरक्षित असते. मेंढपाळ कुसळी पिकली की कळप दुसरीकडे वळवतात, कारण हेच बी लोकरीतून थेट कातडीत घुसते. बहुवर्षायू गवतांचे वाढीचे डोळे बुडाशी, जमिनीलगत असतात, त्यामुळे वरचे पाते खाल्ले किंवा जळले तरी ठोंब जिवंत राहतो. झाडाच्या रोपट्याचा शेंडा मात्र एकदा जळला की त्याला पुन्हा पहिल्यापासून वाढावे लागते. माळावरची बहुतेक गवते ज्या गटातली आहेत त्या सी-फोर (प्रकाशसंश्लेषणाची वेगळी पद्धत असलेल्या) गवतांना कडक ऊन आणि उष्णता मानवते, सावली मात्र सोसत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या खडकांतली जुनी माती आणि प्राण्यांचे दात यांच्या रासायनिक तपासणीवरून ही गवते आपल्या उपखंडात ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली, असे दिसते. तेव्हा माणूस नव्हता, त्याची मेंढी तर नव्हतीच.

सेरेंगेटीविषयी आपण लिहिले आहे, की तिथे लाखो प्राणी आहेत आणि इथे चार चिंकारे. संख्येच्या बाबतीत आपले बरोबर आहे. तुलना मी प्रक्रियेची केली होती, आणि तिच्यासाठी सेरेंगेटीच्या गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत बुळकांडी या गुरांच्या रोगाची साथ शिरली. ती हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर गेली, असे मानले जाते. तिथल्या मसाई पशुपालकांची बहुतांश गुरे मेली, विल्डबीस्ट (कळपाने चरणारी मोठी हरणे) आणि रानरेडे मेले, माणसांवर उपासमारीची वेळ आली. पुढे आसपासच्या गुरांचे लसीकरण झाले, १९६० च्या दशकात वन्य प्राण्यांतला रोग ओसरला, आणि अडीच-तीन लाखांवर असलेले विल्डबीस्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्यांना जळायला फारसे काही उरले नाही, वणवे घटले, आणि पुढच्या काही दशकांत झाडे वाढली. चरण्यामुळे रान उघडे पडते, असे आपण गृहीत धरले आहे. तिथे चरणाऱ्यांमुळेच झाडे वाढली. पाऊस, आग, चराई आणि झाड ही चौघे एकमेकांना अशी बांधलेली असतात, त्यांतला एकच धागा ओढून निष्कर्ष काढता येत नाही.

आपल्या माळावर ही सगळी पात्रे होती. चित्ता होता, १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य केले, आणि आज तिथे तो दिसणे जवळपास थांबले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीत काळवीट आहेत, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, पण या दोन अभयारण्यांचे क्षेत्र अनुक्रमे २.१७ आणि ५.१४ चौरस किलोमीटर आहे. लांडगा तर बहुतांशी अभयारण्यांच्या बाहेरच, मेंढ्यांच्या मागावर जगतो. रानटी चरणारे गेल्यावर त्यांचे काम पाळीव मेंढ्यांकडे आले, आणि म्हणून धनगरांविषयी आपण केलेले विधान मला एकांगी वाटते.

फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ पावसाळा आपल्या माळावर काढतात आणि दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाच्या दिशेने निघतात. वाटेत शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतात, कारण लेंडीखताची किंमत त्यांना कळते. या फिरण्यामुळे माळाला आठ महिने विश्रांती मिळत असे. आता कालवा, ऊस, एनए प्लॉट आणि कारखाने यांनी वाटा अडवल्या, कळप तेवढेच राहिले आणि चरायची जागा आकसली. परिणामी काही ठिकाणी मारवेल आणि शेडा ही चांगली गवते संपून फक्त कुसळी उरली आहे. हा ऱ्हास खरा आहे, पण त्याची जबाबदारी कळपावर टाकण्याआधी त्याची वाट कोणी अडवली हेही पाहायला हवे. वन्यजीवांसाठी मसाईंना १९५९ मध्ये सेरेंगेटीतून हलवण्यात आले. चराई सरसकट बंद करा, ही आपली सूचना त्याच वळणाची आहे. धनगर जीवनाचे मी उदात्तीकरण करतो, या आपल्या शेऱ्यावर इतकेच म्हणतो, की वाघरीतून (मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या कुंपणातून) लांडग्याने कोकरू नेल्यावर मेंढपाळ काय बोलतो हे मी ऐकले आहे आणि ते छापण्यासारखे नाही.

राहिला हवामानाचा प्रश्न. झाड कार्बन साठवते, हे खरेच आहे. गवत तो मुख्यतः मुळांत आणि मातीत साठवते, जिथे वणवा आणि दुष्काळ सहसा पोहोचत नाहीत. त्या मातीत खड्डे घेताना साठलेल्या कार्बनचा काही भाग आपण मोकळा करतो, आणि पाचशे मिलिमीटर पावसात लावलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकेलच असे नाही. टिकले तर ते पाणी अधिक पिते. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून ओढ्या-नद्यांच्या पाणलोटातली परदेशी झाडे काढण्याचा सरकारी कार्यक्रमच चालवला आहे, तो याच कारणाने. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ मध्ये खारटपणा रोखण्यासाठी वेडी बाभूळ लावली गेली. पुढे तिने निम्म्याहून अधिक बन्नी व्यापली आणि मालधारी पशुपालकांच्या म्हशींचे गवत गेले. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी रोपांपासून सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये तेहतीस कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. एवढ्या रोपांना जागा शोधायची म्हटल्यावर सर्वांत आधी डोळ्यांपुढे येते ती मोकळी दिसणारी वनजमीन, म्हणजेच माळ.

शहरातल्या झाडांना माझा विरोध नाही; रस्त्यांच्या कडेला, सोसायट्यांत, नदीकाठी ती हवीतच, आणि पुण्यात आहेत ती रस्तारुंदीपासून वाचवायला हवीत. टेकडीचे म्हणाल, तर वेताळ टेकडीवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची जी लागवड झाली तिच्याखाली फिरून पाहावे: सावली दाट झाली तिथे गवताचे ठोंब गेलेले दिसतात. लागवडीसाठी चर खणून माती उलथली जाते, तिथे पुढच्याच पावसात कॉसमॉस आणि गाजरगवत शिरते. आपल्या गटाला रोपे लावायचीच असतील, तर पायथ्याशी ओढ्याच्या कडेने, माती खोल असेल तिथे उंबर, करंज लावावेत. माथ्यावरच्या उथळ मुरमात खड्डे घेऊ नयेत, तिथे आपोआप आलेली हिवर, खैर, बोर यांची रोपे तेवढी राखावीत. जागा जुलैत ठरवू नये. ती आदल्या ऑक्टोबरात पाहून ठेवावी, कारण गवते फुलोऱ्यात असतात तेव्हाच मारवेल कुठे आहे आणि नुसती कुसळी कुठे उरली आहे, हे नवख्यालाही ओळखता येते.