कुलूप फुटतं, पण माणूस पटत नाही

गेल्या आठवड्यात दरोड्यावरची एक वेब सीरीज दोन रात्री जागून संपवली आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत मन खट्टू झालं. टोळीला पोलिसांनी घेरलंय, आता सुटका नाही, आणि तेवढ्यात फ्लॅशबॅक येतो: म्होरक्याला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. पोलीस कुठून येणार, कोण फितूर होणार, सगळं. ज्या पोराच्या फितुरीने दोन भाग माझा जीव टांगणीला लागला होता, ती फितुरीसुद्धा प्लॅनमधलीच निघाली! म्हणजे त्या पोराला स्वतःचं मनच नव्हतं. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि अजून वाटतंय.

अशा गोष्टींवर वाद होतो तो बहुतेक वेळा लेझर, अलार्म, ड्रिल यांवरून. 'असं होऊच शकत नाही' म्हणतात ते त्याबद्दल. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. तिजोरी कशी उघडतात ते आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? लेखकाने ठामपणे सांगितलं की आपण मान डोलावतो. माणूस कसा वागतो हे मात्र सगळ्यांनाच माहीत असतं. तिथली चोरी लगेच पकडली जाते.

माझे बाबा एका सहकारी बँकेत हेड कॅशियर होते. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे, एक मॅनेजरकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम. पण पगाराच्या दिवसांतली गर्दी असली की मॅनेजरसाहेब केबिनमधून उठायचा कंटाळा करत आणि किल्ली शिपायाच्या हाती पाठवून देत. बाबा दरवेळी ती परत पाठवायचे, 'साहेबांना म्हणावं, स्वतः या.' यावरून दोघांचं कायम वाजायचं. दरोड्याची कुठलीही कथा वाचताना मला हातात किल्ली घेऊन दोघांच्या मध्ये अवघडून उभा असलेला तो शिपाई दिसतो. एवढं जाडजूड दार, आणि ते उघडायला एका साहेबाचा कंटाळा पुरेसा.

लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या भागात, भाड्याच्या लॉकरांच्या तळघरात २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत झालेली चोरी बघा. ५० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत ड्रिलने भोकं पाडून फोडली. हा भाग कुठल्याही सिनेमात शोभेल. पण माझ्या मनात राहतात ते ती फोडणारे म्हातारे. त्यांतला ब्रायन रीडर ७६ वर्षांचा, तो कामगिरीवर आला बसने, पास दाखवून. पहाऱ्यावर बसवलेल्याला म्हणे डुलकी लागली. पहिल्या रात्री भिंतीला भोक पडलं, पण पलीकडे लॉकरचं कपाट आडवं आलं. ते ढकलायचा हायड्रॉलिक पंप मोडला आणि सगळे हात हलवत परतले. अलार्म वाजला होता, रखवालदार येऊन बघूनही गेला होता. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? रीडरने तेच केलं, तो परत आला नाही. बाकीच्यांनी नवा पंप विकत आणला आणि एका रात्रीनंतर पुन्हा गेले. ७३ लॉकर फोडले. पुढे गाडीत बसून स्वतःच्या पराक्रमाच्या गप्पा मारत राहिले, आणि पोलिसांनी त्याच गाडीत ऐकायचं यंत्र बसवलेलं होतं.

ही सगळी फजिती माणसांच्या स्वभावातून आली आहे. आयुष्यभर याच धंद्यात मुरलेला म्हातारा गप्प कसा बसेल? तो बोलणारच. कथेतला घात असाच आतून यायला हवा. १९५५ च्या 'रिफिफी' या फ्रेंच सिनेमातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते, एक शब्द नाही, संगीत नाही. छताला भोक पाडून त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पडणारा चुरा तिच्यातच साठावा. इतकी काळजी! आणि बुडतात कशाने, तर त्यांच्यातल्याच एकाने गाणाऱ्या बाईला भेट दिलेल्या अंगठीने. तिथे मी एकदाही 'हे कसं शक्य आहे' म्हटलं नाही.

आणि आपल्या मुंबईत ऑपेरा हाऊस भागात १९८७ साली झालेली चोरी. एका माणसाने पेपरात नोकरीची जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या, निवडलेल्या पोरांना सीबीआयची तालीम म्हणून बसने त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर नेलं आणि छापा घातला. फोन बंद. नमुने म्हणून दागिने बॅगेत भरले, पोरांना 'लक्ष ठेवा' सांगितलं आणि तो निघून गेला. तो आजवर सापडलेला नाही. कादंबरीत कुणी हे लिहिलं असतं तर संपादकाने 'अशक्य' म्हणून परत पाठवलं असतं. पण त्या काळातली छाप्याची दहशत आठवा, सरकारी नोकरीसाठी तरसणारी पदवीधर पोरं आठवा. मग त्यात अशक्य असं काय उरतं?

यावर सिनेमा आला, तो चोरांचा होता. मला त्या पोरांतल्या एकाची गोष्ट वाचायची आहे. सकाळी आईच्या पाया पडून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला. साहेब आत्ता येतील म्हणून दाराशी ताठ उभा. आणि तासाभराने खरे पोलीस येतात, तेव्हाही त्याला आधी वाटतं, हेही तालमीतलंच असेल.