‘फिटर दोन तास बसून होता’ याबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय रात्री सव्वाअकराला मोबाइलवर दिसला. पुढे झोप काही लागली नाही. चार ॲक्च्युएटरची (हवेच्या दाबावर व्हॉल्व्ह उघडझाक करणाऱ्या यंत्रांची) सर्व्हिसिंग दुपारी दोनपर्यंत उरकतो असं मीच म्हणालो होतो, संध्याकाळचे सव्वासहा वाजले. तुमची लाइन उशिरा सुरू झाली, आणि नेमका त्याच वेळी तीनदा माझा फोन लागला नाही. त्याबद्दल माफी मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, ‘फिटर दोन तास नुसता बसून होता, चहा पीत होता, आणि बिल मात्र पूर्ण दिवसाचं.’ हे वाचून कुणालाही वाटेल की भोसरीच्या या शॉपमधली माणसं कामचुकार आहेत. व्हिजिट चार्ज दिवसाचा असतो, हे कोटेशनवर छापलेलं आहे. त्याचं सोडा. ते दोन तास कसे गेले ते सांगतो.

रविवारी आमचे दोघे 8.40 ला तुमच्या गेटवर होते. गेटपास व्हायला सव्वानऊ झाले. व्हॉल्व्हपाशी गेल्यावर तुमचा ऑपरेटर म्हणाला, ‘हवा बंद केलीय, उघडा बिनधास्त.’ आमच्या मामांनी (वयाने मोठे आहेत, शॉपमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणतात) आधी रेग्युलेटरवरचा हवेच्या दाबाचा गेज बघितला. काटा चार किलोवर. हेडरचा, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपाचा, कॉक बंद होता, पण पुढच्या पाइपात अडकलेली हवा कुणी सोडलीच नव्हती. कॉकला कुलूप नाही, टॅग नाही. शेजारच्या पॅकिंग लाइनलाही त्याच कॉकमधून हवा जाते. तिथल्या कुणी ‘हवा का येत नाही’ म्हणून कॉक फिरवला असता तर? तुमच्या ॲक्च्युएटरचा पिस्टन 100 मिलिमीटरचा आहे. साडेपाच किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशरला एकेका पिस्टनवर सव्वाचारशे किलोच्या वर जोर येतो. त्या वेळी मामांची बोटं ॲक्च्युएटर आणि व्हॉल्व्ह जोडणाऱ्या कपलिंगपाशी असती.

मामांनी कुलूप मागितलं. कुलूप कपाटात, कपाटाची किल्ली शिफ्ट इन्चार्जच्या खिशात, आणि इन्चार्ज साडेदहाला आले. मग लाइनमधलं गरम पाणी सोडायचं होतं. ॲक्च्युएटर उतरवला की बटरफ्लाय व्हॉल्व्हची आतली गोल झडप (डिस्क) धरून ठेवणारं काही उरत नाही, आत प्रवाह असेल तर ती आपोआप फिरते. त्यात आणखी अर्धा-पाऊण तास. परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, सही झाली 11.15 ला. तोवर मामा बसूनच होते, बरोबर आहे. चहा तुमच्याच कँटीनच्या मुलाने आणून दिला होता. नको म्हणायचं होतं का?

शिवाय चारपैकी तीन ॲक्च्युएटर स्प्रिंग रिटर्नचे, म्हणजे हवा गेली की स्प्रिंगने परत फिरणारे. डबल ॲक्टिंगवाला (दोन्ही बाजूंना हवेनेच फिरणारा) हवा सोडली की निपचित पडतो. स्प्रिंगवाल्याच्या झाकणामागे मात्र स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात, हवा गेली तरी त्या तशाच. त्याचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, सारख्या फेऱ्यांनी सैल करावे लागतात. ठरलेल्या फेऱ्या होऊनही झाकण जोर मारत असेल तर आतली स्प्रिंग दाबून धरणारी कार्ट्रिज तुटल्याची शंका घ्यायची आणि तिथेच हात थांबवायचा. मी दुसऱ्याच्या शॉपमध्ये कामाला असताना एकाने घाईत एका बाजूचे बोल्ट आधी काढले. झाकण सुटलं ते समोरच्या पत्र्याला हा एवढा पोचा पाडून खाली आलं. तो नेमका पान्हा घ्यायला बाजूला वळला होता म्हणून वाचला. तेव्हापासून झाकणाच्या समोर मी कुणाला उभं राहू देत नाही, स्वतःही राहत नाही.

आता आमची चूक. एका सील किटचा (आतल्या रबरी रिंगांच्या संचाचा) साइज चुकीचा आला होता. तो बदलून आणायला पोरगा शॉपवर परत गेला, त्यात दोन तास मोडले. गंमत बघा, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. लिहिलं असतंत तर मी मान खाली घातली असती.

किटच्या दराचं म्हणाल तर त्याला ‘ओके’ तुमच्याच परचेस खात्याकडून आलं होतं, त्यावर जास्त बोलत नाही. पण चारही ॲक्च्युएटरमधून चहाच्या रंगाचं पाणी निघालं, एकातून तर अर्धा कप. एफआरएलच्या (हवा गाळणाऱ्या, दाब ठरवणाऱ्या आणि तेल देणाऱ्या युनिटच्या) वाटीतलं पाणी रोज सोडायला सांगा, नाहीतर नव्या ओ-रिंगांचीही तीच गत होईल आणि पुन्हा नाव आमचंच खराब होईल.

यापुढे किट निघण्याआधी तपासू, कुलूप-परमिटचं कोटेशनवरच लिहू, फोनचंही काहीतरी बघतो. बिलात थोडंफार कमी करायचं तर बसून बोलू. काल एका कंपनीतून एएमसीसाठी (वर्षभराच्या देखभालीच्या करारासाठी) फोन आला होता, त्यांनी आधी तुमचा अभिप्राय वाचून दाखवला. मामांनाही तो कुणीतरी दाखवलाय. तुम्ही स्टार दोनच ठेवा, फक्त ते ‘नुसता बसून होता’ तेवढं काढता आलं तर बघा.

आणि तुमच्या सोलेनॉइडची (ॲक्च्युएटरला हवा सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) जुनी कॉइल चुकून आमच्या पेटीत आलीय. सोमवारी पाठवून देतो.