सगळं खापर मोबाइलवर कशाला?

शाळकरी मुलांच्या ताणावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्या ताणाचं सगळं खापर मोबाइलवर फोडलेलं पटलं नाही. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सहावी ते बारावीची सुमारे ३ लाख ७९ हजार मुलं होती. त्यातल्या ८१ टक्क्यांनी काळजीचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच सांगितलं. नाव लिहिणं ऐच्छिक होतं, म्हणून मोकळेपणी बोलली असावीत. २८ टक्के मुलं तर प्रश्न विचारायलाच कचरतात! (आमच्याकडे नववीतच दहावीचा क्लास सुरू होतो, खेळाचा तास गणिताला जातो आणि पालकसभेत कुणी ब्र काढत नाही.) दिसण्यावरून चिडवण्याचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात, त्यावर वेगळं लिहा. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक शाळेच्या फलकावर लावायला काय हरकत आहे?