सहकुटुंब, रविवारी अकरा वाजता

गावच्या संग्रहालयात कौटुंबिक कार्यक्रम ठेवायचा म्हटलं की पहिली झटापट कॅलेंडरशी होते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे. तो १९७७ पासून जगभर साजरा होतो आणि बाकीच्या जगाला सोयीचा पडतही असेल. आमच्याकडे १८ मेला निम्मी आळी आंबे खायला गावी गेलेली असते आणि उरलेली निम्मी कुठल्या तरी कार्यालयात हातात अक्षता घेऊन उभी असते. जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत. राहिला वारसा सप्ताह, १९ ते २५ नोव्हेंबर. तेव्हा दिवाळीची सुट्टी नुकती संपलेली, आणि शाळा म्हणतात, आता एक तासही मिळायचा नाही, पोर्शन मागे आहे. या तारखा ठरवताना बैठकीत एकही मराठी आई नव्हती, हे उघड आहे.

म्हणून आम्ही साधा रविवार धरतो. पत्रकावर अकरा लिहायचं, साडेअकरा गृहीत धरायचे, आणि पावणेदहालाच येऊन बाकावर बसणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांसाठी थर्मासमध्ये चहा ठेवायचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची वातानुकूलित बस आहे. आमच्याकडे घडीची चार टेबलं आहेत, त्यांतलं एक मंगल कार्यालयाचं.

पत्रकावर ‘वयोगट ८ ते १४’ असतं. येतं ते मात्र पूर्ण कुटुंब: एक नऊ वर्षांचं, त्याचं प्रत्येक वस्तू चाटून पाहणारं धाकटं भावंड, सगळ्याचे फोटो काढणारी आई, आणि ‘पटकन आटपेल ना?’ विचारणारे बाबा. मागून आजी. ‘मी आपली बसते कोपऱ्यात,’ म्हणत ती पंख्याखालची खुर्ची धरते. नवख्या कार्यकर्त्याला वाटतं, चला, एक माणूस कमी झालं. जुना कार्यकर्ता त्या खुर्चीकडे जरा धास्तीनंच बघतो.

सगळ्यात जोखमीचा कार्यक्रम म्हणजे ‘घरातलं जुनं नाणं आणा’. तयारी सोपी असते: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ कापड. अवघड असते ती भाषा. कारण दर चार घरांमागे एका घरातून, देवघरातल्या हळदीकुंकवासकट, तेच नाणं येतं. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता आणि मारुती, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि साल १८१८. कधी १७१७, कधी थेट १६१६. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलं नाही. १६१६ साली ती जहांगीर बादशहाच्या मेहेरबानीवर सुरतेत वखार सांभाळत होती. १८१८ साली तिनं पेशवाई बुडवली, आणि त्याच वर्षी तिला मारुतीरायाची आठवण झाली असेल, हे जरा जड जातं. पण समोर पणजोबांपासूनची श्रद्धा रुमालात बांधून उभी असते. तिला ‘खोटं’ म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘हे चलनातलं नाही, पूजेचं आहे. देव्हाऱ्यातच ठेवा.’ त्यावर एक काका हळूच कानाशी लागतात, ‘पण हे तांदूळ ओढतं म्हणतात.’ तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नावाखाली फसवणूक चालते आणि त्यात लोकांनी जमिनी घालवल्यात, हे मात्र तिथं मोठ्या आवाजात सांगावं लागतं. तेवढी एक गोष्ट हळू बोलायची नाही.

खरी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, येते ती घासून. चिंच-मीठ लावून, तांब्याच्या हंड्यासारखी लख्ख. घरच्यांना वाटतं, पाहुण्यांसमोर न्यायचं तर अंघोळ नको का घालायला? तांब्यावरचा काळपट थर म्हणजे त्या नाण्याची कातडी. ती गेली की अक्षरांच्या कडा जातात आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही जाते. अपवाद एकच: पोपटी रंगाची भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे. ते नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवायचं. आणखी एक खूण आम्ही मुलांना शिकवतो. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असतं, पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर कुठलं ना कुठलं अक्षर बाहेर सांडलेलं असतं. सगळी अक्षरं गोलात नीट बसलेली, कडेचे ठिपके मोजून घ्यावेत असे, तर आधी संशय घ्यावा. हे ऐकल्यावर मुलं आपापल्या घरचं नाणं सोडून दुसऱ्याच्या नाण्यावर संशय घ्यायला जातात.

मोडी लिपीचा वर्ग त्या मानानं शांत जाईल असं वाटतं. पंचवीस मुलांना चाळीस बोरू, म्हणजे काडीच्या लेखण्या, लागतात, कारण पेन्सिल दाबून लिहायची सवय लागलेला हात पाचव्या मिनिटाला बोरूची चीर फाडतो. कागद झेरॉक्सचा चालत नाही, शाई फुटते आणि ‘क’चा कोळी होतो. हिशेबाच्या वह्यांचा जाड कागद आणायचा. त्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी आखायच्या, कारण मोडीत आधी अख्खी शिरोरेषा ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. शाईची बाटली टेबलावर ठेवलीत तर ती सांडणारच. एकेका मुलाला बाटलीचं झाकण द्यायचं, खाली दुहेरी चिकटपट्टी, आत शाई चमचाभर.

मोडी १९५० च्या सुमारापर्यंत सरकारी दफ्तरात होती, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हंही नाहीत, हे कळल्यावर वर्गात जो आनंद उसळतो तो पाहण्यासारखा असतो. ‘मग ही बंद का केली?’ असा संतप्त सवाल चौथीतून येतो. मागे उभ्या असलेल्या मराठीच्या बाईंचा चेहरा तेव्हा पाहू नये.

मग बाबांचा फोन संपतो. ‘दे इकडे, तू सांडशील,’ असं म्हणून ते बोरू घेतात आणि सांडतात. ही शाई काजळी आणि डिंकाची आहे, म्हणजे कोळसाच. साबणानं रंग उडतो, कोळसा कुठं जाणार? जुनी कागदपत्रं दोनशे वर्षांनीही काळीभोर दिसतात ती याच कारणानं, आणि बाबांचा शर्टही त्याच कारणानं कायमचा दस्तऐवज होतो. पुढचा पाऊण तास ते जीभ बाहेर काढून ‘श्री’ गिरवतात. मुलगा केव्हाच बाहेर तोफेवर बसायला गेलेला असतो. तोफेवर बसू नये अशी पाटी आहे. ती तोफेवरच बसवली आहे, त्यामुळे बसल्यावर दिसत नाही.

आता आजीची ती खुर्ची. ‘ओळखा पाहू’च्या टेबलावर आम्ही फक्त नोंदवहीत न चढलेल्या, ज्यांचा दुसरा नमुना आहे अशा वस्तू ठेवतो. नोंदवलेल्या वस्तूवर क्रमांक घालायचा तो आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रोगणाचा थर देऊन त्यावर लिहायचा, म्हणजे उद्या ॲसिटोननं पुसता येतो. धाकट्या भावंडाच्या जिभेनंही पुसता येतो की काय, हे आम्हाला तपासायचं नाही. टेबलावर अडकित्ता, वज्री, रोवळी, लामणदिवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे नमुने पाहून आलेला एखादा मुलगा पटकन ओळखतो. बाकीची मुलं वज्रीला पेपरवेट म्हणतात. तिनं टाच घासत, हे कळलं की ती सगळ्यांच्या टाचांवर चालते.

खरा खेळ व्हरांड्यात असतो. चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं आणि दहा किलो ज्वारी. ज्वारी दालनात न्यायची नाही. धान्यामागून सोंडे येतात, मागोमाग उंदीर येतात, आणि उंदराला पैठणी आणि पोतं यांतला फरक कळत नाही. कोष्टक फळ्यावर: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. म्हणजे पायलीत सोळा चिपटी. ‘मोजून बघा,’ आम्ही ऐटीत सांगतो.

मुलं भरायला लागतात. तेराव्या चिपट्यालाच पायली काठोकाठ. फळ्याकडे बघतात, आमच्याकडे बघतात. पुन्हा मोजतात, पुन्हा तेच. बाबा मोबाईल काढून गणित करतात आणि सांगतात की पायली चुकीची आहे. आई म्हणते, भांड्याला पोचा असेल. आम्ही भांडं उजेडात धरून उगाच आत बघतो.

‘अहो, ते शीग लावून भरतायत,’ कोपऱ्यातून येतं.

आजी उठते, पदर खोचते, चिपटं भरते आणि तळहात काठावरून सपाट फिरवते. वरचा ढीग खाली पडतो. ‘हे सपाट. आणि तुम्ही भरताय ती शीग. पायली मात्र सपाट धरताय, मग कसं जुळेल?’ सोळा चिपटी मोजून होतात आणि पायली बरोबर काठाला येते. त्यापुढचं व्याख्यान आमच्या पत्रकात नसतं. सावकार घेताना शिगेनं घ्यायचा आणि देताना सपाट द्यायचा. बलुत्याला शीग लावली की बलुतेदार आनंदानं जायचा. मण कुठं सोळा पायल्यांचा, कुठं बाराचा, त्यामुळे सोयरीक लांबच्या गावी झाली की व्याह्यांची भांडणं ठरलेली. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, असं आम्ही मध्ये घालून बघतो. ‘सरकारात आली असतील,’ आजी म्हणते. ‘आमच्या घरात पायलीच होती.’ काचेतल्या पायलीखाली आम्ही ‘धान्य मोजण्याचे भांडे, पितळ’ असं लिहिलंय. ती पाटी वाचून आजी काही बोलत नाही. पण ‘भांडे’ या शब्दावर ती जो क्षणभर थांबते, तेवढ्यानं पाटी बदलावी लागते.

आणि दिवाळीत किल्ला. इथं मुलांचं काम पाणी आणणं आणि ‘बाजूला हो’ ऐकणं. विटांवर गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल. उतार फार उभा केला तर चिखल पहिल्या रात्रीच घसरतो आणि सकाळी बुरुज दिंडीदरवाज्यात येऊन बसलेला असतो. अळीव भिजवून टाकायचे नाहीत. भिजले की बुळबुळीत होऊन उतारावरून खाली येतात आणि हिरवळ फक्त पायथ्याशी उगवते. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरायचे, पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. चार दिवसांत कोंब येतात. २०२५ च्या जुलैत बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून नवा ताप आहे: प्रत्येक बाबांना यादीतलाच किल्ला हवा. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. सगळ्यांना सिंधुदुर्ग आवडतो, कारण त्याला समुद्र लागतो, आणि समुद्राला लागतो प्लास्टिकचा कागद. तो कुठं फाटलाय हे समुद्र आटल्यावरच कळतं. शेवटी जो उभा राहतो तो आजूबाजूच्या चार किल्ल्यांचा मिळून असतो. दरवाज्यापेक्षा उंच मावळे, पायथ्याशी वाघ आणि एक पिवळा जेसीबी. तो इतिहासाला धरून नाही, असं आम्ही सौम्यपणे म्हणतो. ‘बांधकाम चालू आहे,’ असं उत्तर मिळतं. त्याचा प्रतिवाद आम्हाला अजून सापडलेला नाही.

माती आम्ही व्हरांड्यामागच्या ढिगातली घेतो. झाडलोटही तिथंच पडते. त्यामुळे अळिवाबरोबर दुसरंही काही उगवतं, आणि पाडव्यापर्यंत ते बालेकिल्ल्याच्या वर गेलेलं असतं. मुलं त्याला झेंडा लावतात. आजी जवळ जाऊन पान बोटांत धरून बघते आणि खुर्चीकडे परत येता येता विचारते, ‘ज्वारी आहे ही. हुरड्याला कधी बोलावताय?’