सूर्य नेमका कुठे बुडाला

आमची हंपीची सहल तीन दिवसांत आटोपली. तिचं प्रवासवर्णन लिहायला मला दोन महिने लागले, आणि ते लिहिल्याबद्दल घरोघर जाऊन माफी मागायला पुढचे तीन आठवडे.

गेलो होतो पाच जण. मी, आमची ही, मेहुणी, साडू आणि साडूंची नवी गाडी. गाडीला मी माणसांत धरतो, कारण पुण्याहून सोलापूर-विजापूरमार्गे होसपेट गाठेपर्यंत तिच्याइतकी विचारपूस कुणाचीच झाली नाही. मला उलटी आली तेव्हासुद्धा पहिला प्रश्न ‘सीटवर नाही ना?’ हाच होता.

वर्णन बावीस पानं झालं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोराकडे पाच प्रती काढायला टाकल्या. त्याने दोन पानं चाळली आणि विचारलं, ‘‘काका, पाठपोट काढू की एका बाजूला? वाचायचं असेल तर एका बाजूला घ्या.’’ वाचायचं असेल तर! मी पाठपोट काढलं, वर स्पायरल बाइंडिंगही करून घेतलं.

छापायच्या आधी बरोबरच्यांना दाखवलं नाही ही माझी पहिली चूक. छापल्यावर दाखवलं, ही दुसरी.

साडू बँकेतून निवृत्त झालेत, पण लाल पेन अजून खिशाला असतं. रविवारी सकाळी ते प्रत घेऊन आले, चहा नको म्हणाले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

‘‘पान 3. ‘विजापूर सोडल्यावर आम्ही रस्ता चुकलो.’ कोण चुकलं?’’

‘‘म्हणजे, आपणच.’’

‘‘गाडी मी चालवत होतो. मी चुकलो असतो तर मला कळलं नसतं का?’’

याला काय उत्तर देणार? ज्वारीच्या रानात संपलेला तो रस्ता मला स्वच्छ आठवत होता. गाडी मागे घेताना एक शेतकरी कन्नडमधून काहीतरी बोलला होता, आणि ती शाबासकी नव्हती एवढं कळायला कन्नड यावं लागत नाही. पाऊण तासाच्या वाटाघाटींनंतर ‘आम्ही थोडं आडवाटेने गेलो’ यावर तह झाला.

मग पान 9. हेमकूट टेकडीवरून तांबडा गोळा तुंगभद्रेच्या पात्रात हळूहळू विरघळतो, असं मी लिहिलं होतं. एका वाक्यात तीन विशेषणं आली होती, मला फार आवडलेलं वाक्य. साडूंनी त्यावर फुली मारून समासात लिहिलं होतं: ‘त्या वेळी आपण खाली बाजारात मिरची भजी खात होतो.’ खोटं नव्हतं ते. सूर्य कुठेतरी बुडाला असणारच, पण आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. भजी मात्र सगळ्यांनी पाहिली.

खांबांचं तर विचारूच नका. विठ्ठल मंदिराच्या मंडपातले दगडी खांब वाजवले की त्यांतून सूर निघतात, अशी त्यांची ख्याती. त्यांची झीज होऊ नये म्हणून आता त्यांना हात लावू देत नाहीत. मी लिहिलं होतं, ‘कान लावताच पाषाणातून षड्ज उमटला.’ साडू म्हणाले, ‘‘षड्ज गाइडच्या मोबाइलमधून उमटला. त्याने रेकॉर्डिंग ऐकवलं. मध्येच त्याच्या बायकोचा फोन आला, तेही लिहा.’’

हिची तक्रार निराळी. ‘‘अहो, पान 4 ला मी बसले. पान 7 ला बसले. पान 11 ला ‘हाश्शहुश्श करत’ बसले. अंजनाद्रीच्या 575 पायऱ्या कोण चढलं? तुम्ही खाली चपला राखत बसला होतात, आणि वरून दिसणाऱ्या भातखाचरांचं वर्णन मात्र तुमचं!’’ ते वर्णन मी तिच्याच फोनमधल्या फोटोंवरून केलं होतं. मेहुणी तर काही बोललीच नाही. फक्त जाताना म्हणाली, ‘‘भाऊजी, बावीस पानांत माझं नाव दोनदा आलंय. दोन्ही वेळा धपाट्यांबरोबर.’’

अशा वेळी मला गोडसे भटजींचा हेवा वाटतो. वरसईहून निघाले बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून, आणि सापडले 1857 च्या धामधुमीत. झाशी पडताना पाहिली, लुबाडले गेले, तरी घरी परतले. हे सगळं त्यांनी कित्येक वर्षांनी लिहून काढलं, आणि ते छापून आलं 1907 साली. तोवर भटजी हयात नव्हते. प्रवासवर्णन छापावं तर असं. शिवाय त्यांच्यासोबत होते ते काका. सहप्रवासी काकाच हवेत, साडू असता तर झाशी पडली की नाही यावरच लाल खूण आली असती.

उरलेल्या प्रती नातेवाइकांत फिरल्या. माझ्या माहितीप्रमाणे त्यांतलं एकच पान वाचलं गेलं, शेवटचं. तिथे मी सहज म्हणून खर्चाचा हिशोब जोडला होता. त्या पानाचे फोटो इतके फिरले की साताऱ्याच्या एका अनोळखी गृहस्थांनी फोन करून विचारलं, ‘‘नाश्ता धरून की सोडून?’’

एकच प्रत पूर्ण वाचली गेली, ती आत्याकडची. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखायला लागेपर्यंत तिची पंढरीची वारी चुकली नाही. भिंग लावून रोज दोन पानं, असं तिने अकरा दिवसांत संपवलं आणि मला बोलावून घेतलं.

‘‘विठ्ठलाच्या देवळावर दीड पान लिहिलंस. रथ लिहिलास, खांब लिहिलेस, ती नोटेची गंमत लिहिलीस.’’

नोटेची गंमत अशी, की पन्नासाच्या नोटेवर तिथला दगडी रथ छापलेला आहे, तेव्हा नोट हातात धरून रथासमोर फोटो काढायचाच. पण चौघांत मिळून पन्नासाची एक नोट निघेना, सगळे पैसे फोनमध्ये. शेवटी शहाळेवाल्याची मागून घेतली. तो नोटेवर नजर ठेवून देवळात आमच्या मागे मागे हिंडत होता.

‘‘हो. मग?’’

‘‘गाभाऱ्याचं काहीच नाही. आत कोण आहे?’’

‘‘कुणी नाही गं आत्या. रिकामा आहे.’’

‘‘रिकामाच असणार. राजाने नेलेला विठोबा भानुदासांनी परत पंढरीला आणला ना. नाथांचे पणजोबा ते.’’ ती जराशी थांबली. ‘‘ती रिकामी जागा बघून तुला कसं वाटलं रे?’’

काय सांगू? गाभाऱ्याच्या दाराशी मी मिनिटभरसुद्धा थांबलो नव्हतो. मागे शहाळेवाला उभा होता, आणि बाहेरून साडू हाका मारत होते, की बॅटरीगाडीची रांग वाढतेय.

‘‘अंधार होता,’’ मी म्हटलं.

आत्याने भिंग डबीत ठेवलं. ‘‘थंडीत मला घेऊन चल. बघते मी.’’

घरी येऊन साडूंना फोन लावला. एवढ्या लांब, आत्याला घेऊन, नवी गाडी. म्हटलं काहीतरी कारण काढतील. पण ते लगेच कबूल झाले. ‘‘नेऊ की! फक्त एक अट. या खेपेला वर्णन मी लिहिणार.’’ आणि पहिलं वाक्य तयारच होतं, ते त्यांनी फोनवर वाचूनही दाखवलं:

‘विजापूर सोडल्यावर आम्ही सरळ रस्त्याने गेलो.’